नववा कोट

माझ्या छातीचे माप आजवर एकाच माणसाने पुन्हा पुन्हा घेतले, आणि दर वेळी काही न बोलता टेप परत गळ्यात अडकवली. त्या माणसाविषयी लिहायला बसलो आहे.

नाशिकच्या कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून मी लोकांची गाऱ्हाणी शब्दांत बसवतो. शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून परत आला, असे सांगणारा मला अजून भेटायचा आहे. वकील मंडळीसुद्धा कधी कधी "जरा वाक्य बघता का" म्हणून कागद पुढे सरकवतात. हे आत्मस्तुतीसाठी सांगत नाही. ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांनी उभ्या आयुष्यात कोणत्याही साहेबाकडे काही मागितले नाही, त्यामुळे त्यांच्यावर चार ओळी लिहिण्याचा योग माझ्या व्यवसायात कधी आलाच नाही. राहून गेलेला तो मजकूर मी आता स्वखुशीने लिहीत आहे.

त्यांचे नाव देत नाही. देवळाली कॅम्पाच्या बाजारात त्यांचे शिवणाचे दुकान होते आणि त्या दुकानावरही नावाची पाटी नव्हती. कारण विचारले तर म्हणत, "ज्याला यायचंय त्याला दुकान माहिताय. ज्याला माहीत नाही त्याचं आपल्याकडे काय काम?" सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणे, म्हणून मीही मास्तरच म्हणतो.

मास्तर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. त्यात उद्धटपणा नव्हता. तशी त्यांची नजरच घडली होती. गिऱ्हाईक पायरी चढले की ती नजर त्याच्या गळपट्टीपासून खाली कामाला लागे. माणसे ते खांद्यांवरून ओळखत. साध्या कपड्यांत आलेल्या एका एसटी कंडक्टरला त्यांनी माझ्यादेखत सांगितले होते, "डावा खांदा उतरलाय तुमचा. पिशवी दुसऱ्या बाजूला घेत जा, नाहीतर पुढच्या वर्षी दोन मापांचा सदरा शिवावा लागेल." एका थंडीत त्यांचा सख्खा मेहुणा घोंगडे पांघरून दाराशी येऊन उभा राहिला, तर मास्तर त्यालाच विचारू लागले, "काय पाहिजे?" त्याने घोंगडे काढल्यावर मात्र धावत जाऊन मिठी मारली. "अरे, तुम्ही होय!"

त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणत असू. त्या विंचूरकडच्या. काकू आतून ओरडल्या, "मी शाल पांघरली तर मलाबी घराभायेर काढतील हे!"

बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पोराच्या सदऱ्याला मास्तर खिसा लावीत नसत. पोर भांडे, पोराचा बाप भांडे, मास्तर सदऱ्याची घडी घालून पुढे ठेवीत आणि म्हणत, "कापड वाचलं. त्याचा रुमाल केलाय, आत आहे." कॅम्पात खिसा नसलेला सदरा दिसला की लोक समजून जात.

तसे पाहिले तर त्यांचा खरा धंदा नवे शिवण्याचा नव्हता, जुने बदलण्याचा होता. कॅम्प म्हणजे बदलीचे गाव. सुट्टीवर घरचे खाऊन परतलेल्या जवानाची पँट सैल करायची, नव्या रंगरुटाची आवळायची, साहेबांच्या मुलांचे गणवेश दर जूनला दोन बोटे सोडायचे. कुणाचेही काहीही ते कुणाच्याही अंगावर बसवून देत. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे ज्या गोष्टीवर ते हटून बसले ती नेमकी याच्या उलट होती.

त्या काळी आम्ही चौघे मित्र होतो. बाळू मंडईत आडत्याकडे तोलाई करी. रशीद बेकरीचे पाव सायकलवरून घरोघर पोचवी. सुदामने मॅट्रिक होऊन नोकरीसाठी अर्ज केले होते. ते मीच लिहिले होते. मी स्वतः नाशिकला काकांच्या हाताखाली अर्जलेखन शिकत होतो. संध्याकाळी मास्तरांच्या दुकानामागच्या अंगणात आमची बैठक जमे. बाळूकडे तीन तारा तुटलेला बुलबुलतरंग होता, सुदाम तेलाचा रिकामा डबा बडवी, रशीद शीळ घाली. मी गात असे, ही गोष्ट मित्रमंडळी आता मान्य करीत नाहीत. आपला स्वतःचा बॅन्ड काढायचा असे आमचे ठरले होते, आणि कित्येक आठवडे आम्ही फक्त त्याचे नाव काय ठेवावे यावर भांडत होतो.

एके दिवशी भांडण वाढले आणि मास्तर मागच्या दाराने बाहेर आले. आता हाकलून देणार, अशी आमची खात्री झाली.

"नाव काय ठेवताय?" ते आमच्या खांद्यांकडे बघत म्हणाले. "अंगात काय घालणार ते ठरलंय का?"

आम्ही आपापल्या सदऱ्यांकडे बघितले. ते आत गेले आणि चादरीत बांधलेला गठ्ठा घेऊन आले. गाठ सोडली. आत कोट होते. गडद लाल कापड, बाह्यांवर सोनेरी नाडी, पितळी बटणे. लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात त्यांनी तो गठ्ठा उचलला होता आणि गेले वर्षभर तो कपाटावर पडून होता.

"नऊ आहेत," मास्तर म्हणाले. "बॅन्डचे कोट. बॅन्ड गेला, कोट राहिले. मी माणसांचीच वाट बघत होतो."

"आन् मी कपाट मोकळं व्हायची," काकू म्हणाल्या. "घरात माणसं दोन आन् कोट नऊ!"

बॅन्डमध्ये कोणी काय वाजवायचे हे इतरत्र आवडीवर ठरत असेल, नाहीतर गुरूच्या मर्जीवर. आमचे कोटांनी ठरवले. मास्तरांनी नऊही कोट अंगणातल्या दोरीवर टांगले आणि एकेकाची झीज वाचून दाखवली. हा बघा, ह्याचा डावा खांदा घासलाय. म्हणजे ह्यावर ढोलाचा पट्टा होता. ह्याच्या छातीवर ठिपके आहेत. फुंकून फुंकून थुंकी गळली, हा कॉर्नेटवाला. ह्याची दोन्ही मनगटं विरलीत, हा झांजवाला. आणि हा नववा बघा, ह्याची नाडी दुप्पट, आणि झीज कुठेच नाही. ह्याने काहीच वाजवलं नाही. हा पुढे चालायचा. हा बॅन्डमास्तर.

मग आम्हाला उभे करून एकेक कोट अंगात चढवायला सुरुवात झाली. ज्याला जो बसेल त्याने ते वाद्य वाजवायचे. गल्लीतली आणखी पाच पोरे बोलावून आणली. बाळूला मनापासून ढोल हवा होता. त्याला ठिपक्यांचा कोट बसला आणि कॉर्नेट पदरात पडली. बारीक चणीच्या सुदामला खांदा घासलेला कोट असा चपखल बसला की ढोल त्याच्या गळ्यात पडला. रशीद क्लॅरनेटवर समाधानी होता.

"मास्तर, सुदामचा कोट दोन बोटं सोडा ना," बाळूने आर्जव केले, "मग तो मला बसेल."

"ह्या कोटांना कात्री लागणार नाही."

"का? साऱ्या कॅम्पाचे कपडे बदलता तुम्ही!"

"म्हणूनच," मास्तर म्हणाले. "जन्मभर माणसाच्या मापाने कापड कापलं. एकदा तरी कापडाच्या मापाची माणसं बघायचीयत."

आठ कोट भरले. नववा राहिला, आणि माणसांत राहिलेलो मी एकटाच. मास्तरांनी तो माझ्या अंगात घातला. खांद्याच्या शिवणीवर बोट फिरवले, पाठीवरून तळवा खाली नेला, बाही मनगटाशी जोखली, आणि प्रथमच त्यांचा हात थबकला.

"खांदा तुझा आहे," ते हळू म्हणाले. "पाठ तुझी आहे. बाही तुझी आहे." मग त्यांनी पुढची बटणे लावली. माझ्या छातीपुढे एक उशी सहज मावली असती. कोट बेचाळीसचा आणि माझी छाती एकतीस. "आत माणूस कमी पडतोय."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. "भरशील," ते म्हणाले. "आम्ही थांबू. नऊ कोट भरल्याशिवाय हा बॅन्ड रस्त्यावर निघणार नाही."

त्या क्षणापासून त्या कोटात मावण्याखेरीज मला दुसरे काही सुचेनासे झाले. तोपर्यंत मला कुणी कशाच्याही पुढे चालायला सांगितले नव्हते.

बेचाळीस छातीची माणसे बाजारात नव्हती असे नाही. हलवायाला कोट घालून पाहिला. छाती भरली, खांदे लोंबले. तालमीतल्या एकाचे खांदे भरले, पण हात कोपरापर्यंत बाहेर आले. "अंगावर घातला म्हणजे बसला असं नसतं," एवढे बोलून मास्तरांनी कोट परत हँगरला लावला. काकूंनी मला जेवायला घालायला सुरुवात केली. "ये रं बाबा, बस. तुझ्यापायी आठ जणं खोळंबलेत." बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, आणि मी नको म्हटले की, "मला नको सांगू, कोटाला सांग."

वाद्ये मिळवण्याची मास्तरांची युक्तीही सांगण्यासारखी आहे. नाशिकला भद्रकालीत एक धंदेवाईक बॅन्डवाला होता. लग्नसराई संपली की त्याची वाद्ये चार महिने खुंटीला टांगलेली असत आणि न वाजवल्याने त्यांचे खटके गंजत. मास्तर त्याच्या माणसांचे गणवेश सराईआधी दुरुस्त करून देऊ लागले, आणि त्या बदल्यात रिकाम्या दिवसांत वाद्ये आणि शिकवायला एक म्हातारा क्लॅरनेटवाला आमच्याकडे येऊ लागला. दिवाळीनंतर तुळशीचे लग्न लागले की वाद्ये परत. त्यामुळे आमचा बॅन्ड असा होता की गावात कुणाचे लग्न नसे तेव्हाच तो वाजू शके. त्या दिवसांतला मोठा प्रसंग एकच, गणपतीची मिरवणूक.

मास्तरांना सूर कळत नव्हता. ते कबूल करीत. तालमीच्या वेळी ते वाजवणाऱ्यांच्या मागे उभे राहत आणि पाठी बघत. "मला गाणं कळत नाही," ते म्हणत, "पण आठ जणांचे खांदे एकदम उचलले की ते बरोबर असणार." मधेच ओरडत, "बाळू! तुझा खांदा आधी हलला." म्हातारा क्लॅरनेटवाला चकित होऊन मान डोलवी, कारण बाळू खरोखरच घाई करीत असे. मला वाद्य नव्हते, पण रिकामे बसणे माझ्या स्वभावात नाही. वाजवण्याची परवानगी, मिरवणुकीचा मार्ग, शेजाऱ्यांच्या तक्रारींना उत्तरे, असा बॅन्डचा सर्व पत्रव्यवहार मी सांभाळला. तो इतका नेटका होता की फौजदारांनी एकदा विचारले, "अर्ज एवढा चांगला आहे, बॅन्ड कुठे आहे?"

एका दुपारी मास्तर अचानक नाशिकच्या कचेरीबाहेर माझ्यापुढे येऊन उभे राहिले. गळ्यात टेप होतीच. ती ते लग्नालाही काढीत नसत. मला वाटले, अखेर काही अर्ज करायचा असावा. मी कागद चढवला. ते माझ्या मागे गेले आणि बराच वेळ माझी पाठ बघत राहिले.

"हे असं वाकून लिहितोस होय दिवसभर?" ते म्हणाले. "मग काकूची भाकरी छातीत जाणार कुठून!"

शेजारच्या बांधकामावरून त्यांनी दोन विटा मागून आणल्या, माझ्या टेबलाच्या दोन पायांखाली घातल्या, आणखी दोन आणून उरलेल्या पायांखाली घातल्या, आणि आल्या बसने परत गेले. त्या विटा अजून तिथेच आहेत. माझ्या ताठ बसण्याबद्दल लोक जे बोलतात, त्याचे मूळ हे आहे.

असे दोन गणपती घरातच गेले. बॅन्ड अंगणात वाजे आणि अंगणातच थांबे. माझी छाती तेहतिसावर येऊन अडली होती. दर पंधरवड्याला मास्तर टेप लावीत, टेप गळ्यात टाकीत आणि मशीनकडे वळत. तिसऱ्या वर्षी सुदामला नोकरीचा हुकूम आला. कळवणला, गणपती झाल्या झाल्या हजर व्हायचे. त्या संध्याकाळी अंगणात भांडण पेटले.

"ह्या वर्षी नाही निघालो तर संपलं," बाळू म्हणाला. "ढोलच कळवणला चाललाय! मास्तर, तो एक कोट टाचा. चार टाके मारले की हा त्यात मावतो."

"नाही."

"मग कोट सोडून निघू. आठ जण बस झाले."

"नऊ आहेत," मास्तर म्हणाले. "आठांचा बॅन्ड मी लिलावात घेतला नव्हता."

रशीद सहसा बोलत नसे. तो म्हणाला, "मास्तर, एक माणूस भरायची वाट बघता बघता आठ रिकामे होतील."

मी तर मान वर करू शकत नव्हतो. माझी छाती हा काही माझा अपराध नव्हता; तरी सगळ्यांची नजर तिच्यावरच होती.

काकू भांडी घासत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "कोट पुढं चालल्याशी मतलब हाय ना? मग हँगरसकट काठीला लावा आन् धरा पुढं. आत माणूस नाय म्हून कोटाला चालायला कुनी नाय म्हनलंय का?"

मास्तरांनी कोटाकडे बघितले, मग अंगणातल्या उंच बांबूकडे. "न कापता," ते पुटपुटले. "न टाचता." मग माझ्या खांद्यांकडे वळून म्हणाले, "काठी तू धरायची. तुझाच आहे तो."

विसर्जनाच्या दुपारी आम्ही बाजारातून निघालो. सर्वांत पुढे मी, माझ्या हातात बांबू, बांबूवर तो लाल कोट, बटणे लावलेला, बाह्या वाऱ्याने हलणाऱ्या. मागे आठ जण. मास्तर रस्त्यात आले नाहीत. ते चौकाच्या तोंडाशी असलेल्या पानाच्या ठेल्याशी उभे राहिले, तिथून पाठी नीट दिसत. पहिले गाणे त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी असलेले सिनेमातले होते आणि ते खरोखर चांगले वाजले. लोक कोटाकडे बोट दाखवीत होते, पण हसत नव्हते.

चौकात खुर्च्या टाकून काही निवृत्त फौजी बसले होते. त्यांतले एक सुभेदार, मिशा पांढऱ्या, आवाज कवायतीतला. आम्ही समोर येताच ते मांडीवर थाप मारून ओरडले, "अरे, ये तो हमारे मेस के कोट हैं! वेटर लोग पहनते थे! और वो डंडे पर हेड बटलर का!"

बाजूची माणसे खो खो हसू लागली. हसू रस्त्याच्या एका कडेने सुरू झाले आणि दुसऱ्या कडेला पोचले. गाणे मधेच तुटले. डावा खांदा ढोलाच्या पट्ट्याने नव्हे, खाण्याचे तबक उचलून झिजला होता. बाळूने आपल्या छातीवरच्या ठिपक्यांकडे बघितले.

"म्हणजे मी दोन वर्षं रश्श्याच्या डागांवर कॉर्नेट फुंकतोय?" तो म्हणाला आणि कोटाची बटणे सोडू लागला.

माझ्या हातात बांबू होता. तो खाली घ्यावा की वर धरावा हे मला कळेना. इतक्यात ठेल्याजवळची माणसे बाजूला झाली आणि मास्तर रस्त्यात उतरले. ते कुणाच्याही तोंडाकडे न बघता सरळ सुदामच्या मागे गेले आणि त्याच्या खांद्याची शिवण बोटांनी सारखी केली.

"ढोलाचा पट्टा ह्या खांद्यावर किती दिवस आहे?"

"दोन वर्षं झाली, मास्तर."

"मग झिजला कशाने? आधी तबकाने झिजला असेल. आता पट्ट्याने झिजलाय." त्यांनी हात बाळूकडे केला. "बटणं लाव."

मग ते सुभेदारांकडे वळले. "साहब, आपने बराबर पहचाना. पहले ये कोट खाना लाते थे, अब बाजा लाए हैं." कोटांकडे हात करून म्हणाले, "दोनों टाइम आप बैठे हो, ये खड़े हैं."

सुभेदारांनी मास्तरांकडे बघितले. चौकात कुणी हसेना. मग त्यांनी काठी टेकली, खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "बजाओ!" त्यांच्यामागे बाकीच्या खुर्च्याही रिकाम्या झाल्या. सुदामने ढोलावर थाप दिली, आणि त्या दिवशी नदीपर्यंत आमचा एकही खांदा मागेपुढे झाला नाही.

घरी परतल्यावर मी मास्तरांना विचारले, "तुम्हाला आधीपासून माहीत होतं का, हे मेसचे कोट आहेत म्हणून?"

"नाही," ते म्हणाले. "लाल कापड, सोनेरी नाडी. मी बॅन्डचेच समजलो. चुकलो." आणि मशीनवर वाकत म्हणाले, "बरं झालं चुकलो. नाहीतर तुम्हाला वाढपी करावं लागलं असतं."

असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आपली चूक उघडी पडल्यावर सारवासारव करणारे मी रोज बघतो. त्यांची सारवासारव टाइप करणे हाच माझा उदरनिर्वाह आहे. मास्तरांनी चूक तिथल्या तिथे मान्य केली आणि तिच्यातून एकही टाका उसवू दिला नाही.

पुढच्या वर्षीपासून मंडळे आमची चौकशी करू लागली. आमच्या बॅन्डला शेवटपर्यंत आम्ही नाव ठेवू शकलो नाही. लोकांनीच ठेवले, कोटवाला बॅन्ड. काठीवरचा कोट आला की पोरे त्याला सलाम ठोकीत. हळूहळू आमची स्वतःची वाद्ये झाली. सुदाम दर गणपतीला कळवणहून रजा काढून येई. त्याचे रजेचे अर्ज मी लिहीत असे आणि ते मंजूर होत. लोकांच्या लेखी आमच्या बॅन्डमध्ये आता काही उणे राहिले नव्हते. मास्तरांच्या लेखी होते. मिरवणूक संपली की ते कोट काठीवरून उतरवीत, झटकीत आणि म्हणत, "आठ झाले." आणि मला माप द्यायला बोलावीत.

वर्षे गेली. माझे लग्न झाले, काका वारले, कचेरीबाहेरची जागा माझी झाली. अर्जांची संख्या वाढली, पत्नीच्या हाताला चव होती. एके वर्षी कामाच्या गर्दीत बरेच महिने मास्तरांकडे जाणे झाले नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी गेलो. मास्तर थकले होते, मशीनवर दुसरा माणूस बसला होता, पण टेप गळ्यात होती. त्यांनी ती माझ्याभोवती फिरवली. या वेळी ती परत गळ्यात गेली नाही. त्यांनी ती तशीच धरून ठेवली.

"अगं," त्यांनी काकूंना हाक मारली. "कोट आण."

कोट अंगात गेला. त्यांनी खांदा बघितला, पाठ बघितली, बाही बघितली. मग एकेक बटण लावत वरपासून खाली आले. शेवटचे बटण लागले.

"आला," ते म्हणाले. "आत माणूस आला."

"छातीनं नाय, पोटानं आला," काकू म्हणाल्या. "लय झालं आता, घ्या चालवून."

"पोट माझ्या हिशेबात नव्हतं," मास्तर म्हणाले. "पण कोटाची तक्रार नाही."

"आन् काठीचं काय करायचं?"

"काठीला सुट्टी."

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर नऊ जण रांगेत उभे राहिलो. बाजारातली पोरे विचारीत होती, "काठी कुठाय? काठी कुठाय?" मास्तर पायरी उतरून माझ्याजवळ आले. गळपट्टीचा हूक लावायचा राहिला होता. इतक्या वर्षांत तो कधी लागलाच नव्हता, काठीला गळा नसतो. हूक माझ्या हनुवटीखाली होता, आणि तो लागतो आहे की नाही हे बघण्यासाठी त्यांना नजर नेहमीपेक्षा वर न्यावी लागली. हूक लागला. नजर मात्र खाली आली नाही. ती गळपट्टीवरून हनुवटीवर गेली, मिशांवर गेली, आणि माझ्या डोळ्यांशी येऊन थांबली.

"अरे," मास्तर म्हणाले, "असा दिसतोस होय तू!"

शब्दांचा माझा एवढा व्यवसाय, पण त्या वेळी एकही हाताशी आला नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरून एकदा हात फिरवला आणि ते मागे गेले, आपल्या जागी, जिथून पाठी दिसतात.

मी हात वर केला. सुदामने ढोलावर थाप दिली. मी चालू लागलो आणि नदीपर्यंत एकदाही वळून पाहिले नाही. कोट पाठीत बसला आहे की नाही, हे बघणारा माणूस मागे होता.